टॉवेलच्या गावात निळ्या तंतूची किंमत काय?

पोलिसांना आमच्याकडून यंत्रं हवी होती आणि आम्हाला त्यांच्याकडून नमुने. दोघांनाही मागितलेलं मिळालं नाही. तरीही लोकांच्या कपड्यांवर कुठले तंतू सापडतात हे बघण्याचं काम उभं राहिलं. ते कसं, हे अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी. सुती कापडाच्या रंगांवर केली. या गावात राहून दुसरा विषय सुचणंही अवघड. गुन्हे तपासाशी माझा संबंध पेपरातल्या बातम्या वाचण्यापुरता. एका कार्यशाळेला पाहुणे म्हणून आलेल्या पोलीस अधिकाऱ्यांना आमची प्रयोगशाळा दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, एवढी यंत्रं आहेत की तुमच्याकडे. आम्ही मुद्देमाल सीएला पाठवायचा आणि रिपोर्टची वाट बघत बसायचं. तुम्हीच तपासून द्या ना." हे सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर. न्यायसहायक प्रयोगशाळेला पोलीस ठाण्यात आजही याच नावाने ओळखतात.

मला हुरूप आला. खऱ्या केसमधले कपडे, त्यांवरचे तंतू, आणि त्यातून दोन-तीन पेपर कुठे गेले नाहीत!

हुरूप उतरवायचं काम साहेबांनी केलं. साहेब म्हणजे सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले गृहस्थ, आता जुळे सोलापूर या उपनगरात राहतात. नाव लिहू नका म्हणाले आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "रात्री तुमच्या लॅबची किल्ली कुणाकडे असते?" आमच्या लॅबची किल्ली शिपायांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. ते हसले आणि मग तासभर मला मुद्देमालाचं जग समजावून सांगितलं. पंचनाम्यात कपड्याचं वर्णन, पंचांच्या सह्या, लाखेचं सील, सीलचा नमुना, घेऊन जाणाऱ्या शिपायाचं नाव, प्रयोगशाळेत पोचल्याची नोंद. साखळीतली एक कडी निसटली की बचावाचे वकील तिथेच बोट ठेवतात. तुमचं यंत्र कोटीचं असलं तरी मग उपयोग नाही.

दुसरी अडचण कायद्याची. ठरावीक सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांचा अहवाल त्या तज्ज्ञाला साक्षीला न बोलावताही न्यायालयाला पुराव्यात घेता येतो. पूर्वी हे सीआरपीसीच्या कलम २९३ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. कॉलेजच्या प्राध्यापिकेच्या अहवालाला ती सोय नाही. तज्ज्ञ म्हणून मत देता येईल, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली. पण पिंजऱ्यात उभं राहून, उलटतपासणी सोसून. "सेमिस्टरच्या परीक्षा टाकून तारखांना याल का?" साहेबांनी विचारलं.

त्यामुळे पहिली रेघ तिथेच आखली गेली: चालू केसमधली एकही वस्तू आमच्या प्रयोगशाळेत येणार नाही. पोलिसांचा उत्साह तिथेच निम्म्यावर आला. माझा त्याहून खाली.

मग करायचं काय? साहेबांकडे त्याचं उत्तर बरीच वर्षं पडून होतं. एका खटल्यात त्यांनी साक्ष दिली होती की आरोपीच्या शर्टावर सापडलेले निळे सुती तंतू आणि घटनास्थळावरच्या टॉवेलचे तंतू सारखे आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे, रंगाला सारखे. बचावाच्या वकिलांनी सारखेपणावर एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, आज या कोर्टात बसलेल्या लोकांच्या शर्टांवर असे तंतू किती जणांच्या निघतील?" साहेब म्हणाले, "मी सांगितलं की त्याचा अभ्यास झालेला नाही. खरंच झालेला नव्हता. आता तुम्ही करा."

हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या माणसाला सोडवता येत नाही, कारण त्याच्या टेबलावर रोज नव्या पुड्या येतात. आणि आमच्यासारख्यांना तो सुचत नाही, कारण आम्ही कधी पिंजऱ्यात उभे राहत नाही. मला विचाराल तर या सगळ्या सहकार्यातली सगळ्यात मोलाची वस्तू हा प्रश्नच होता. यंत्रं, करार, समित्या नंतरच्या.

थोडं शास्त्र सांगते. एडमंड लोकार्ड या फ्रेंच माणसाने १९१० मध्ये लिऑनला पोलिसांची प्रयोगशाळा काढली. दोन वस्तू एकमेकींना लागल्या की दोघींवर एकमेकींचं काहीतरी राहतं, हे तत्त्व त्याच्या नावावर चालतं. तंतू हे त्याचं उत्तम उदाहरण. पण राहतं ते किती वेळ? १९७५ मध्ये पाउंड्स आणि स्मॉलडन या ब्रिटिश संशोधकांनी ते मोजलं. कपड्यावर आलेले बहुतेक तंतू पहिल्या काही तासांतच गळून जातात. म्हणजे तंतू सापडला तर संपर्क बहुधा ताजा असतो, आणि तपास उशिरा झाला तर तंतू नसण्याला फारसा अर्थ उरत नाही.

सापडलेला तंतू किती दुर्मीळ, हा त्यापुढचा भाग. १९८२ मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या वेन विल्यम्स खटल्यात एका हिरवट गालिच्याचे तंतू गाजले होते. तो गालिचा कुठल्या कंपनीने किती विकला याच्या नोंदींवरून शहरातल्या किती घरांत तो असू शकेल याचा अंदाज सरकारी पक्षाने ज्युरीपुढे ठेवला. सोलापुरात हे कसं करणार? इथे सूत एकाचं, रंगकाम दुसऱ्याकडे, माग तिसऱ्याचा, आणि शिवून गाठोडं बांधणारा चौथा. एकच निळा पाच ठिकाणी रंगतो. विक्रीच्या नोंदी शोधण्यापेक्षा लोकांच्या अंगावर काय आहे तेच बघणं सोपं.

म्हणून आम्ही लोकांच्या शर्टांवरून टेप घ्यायचं ठरवलं. पारदर्शक चिकटपट्टी खांद्यावर, छातीवर, बाहीवर दाबायची, उचलायची आणि स्वच्छ पारदर्शक शीटवर चिकटवायची. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली इंच-इंच बघायची. ऐकायला सोपं. साहेब पहिल्यांदा आमच्या लॅबमध्ये पाहणीला आले तेव्हा त्यांनी यंत्रांकडे बघितलंसुद्धा नाही. बेसिनजवळ हात पुसायला लटकवलेल्या निळ्या नॅपकिनकडे बोट करून म्हणाले, "आधी हे बाहेर काढा." नॅपकिन गेला, पडदे गेले, खुर्चीवरच्या गाद्या गेल्या. टेबलं प्रत्येक वेळी पुसून त्यांवर कोरा कागद. त्यानंतरही दर वेळी एक कोरी टेप, कुठेही न लावता, नुसती खोलीत उघडी धरून तपासायची. ती कोरी निघाली तरच त्या दिवसाचं काम धरायचं. सुरुवातीच्या कोऱ्या टेपा पाहून आमचा एम.एस्सी.चा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, इथे श्वास घेतला तरी टॉवेल आत जातो."

हा विद्यार्थी आमचं नशीब. शहराच्या पूर्व भागातला, पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या घरातला. खाली माग, वर राहणं. त्याच्यामुळे दारं उघडली. मी एकटी गेले असते तर कुणी बाही पुढे केली नसती. एका घरात मागांच्या खडखडाटात ओरडून समजावत होतो, आणि ओसरीवर बसलेल्या विडीकामगार बाईंनी पानाला दोरा गुंडाळता गुंडाळता विचारलं, "अक्का, पोलिसाचं काय लफडं नाय ना ह्यात?" विद्यार्थ्याने तेलुगूत काहीतरी सांगितलं, बाई हसल्या आणि पदर पुढे केला.

त्या पदरावरची टेप मला अजून आठवते. सुती तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखे दिसतात, तसे शेकड्याने: पांढरे, निळे, मरून, हिरवे. मधेमधे तंबाखूचे तपकिरी कण. एक पिवळा ठिपका बहुतेक हळदीचा. साहेब भिंगातून बघत म्हणाले, "हे माझ्या टेबलावर आलं असतं तर मी काय लिहिलं असतं? सुती धूळ आणि तंबाखू एकत्र, म्हणजे फार विशिष्ट!" जुळे सोलापुरातल्या बँक कर्मचाऱ्याच्या शर्टावर हे मिश्रण सापडलं असतं तर ते खरंच बोलकं ठरलं असतं. पूर्व भागातल्या गल्लीत ते दर घराआड आहे. एकाच शहरात, चार-पाच किलोमीटरच्या अंतरात, त्याच पुराव्याची किंमत बदलते. त्यामुळे 'सोलापुरात किती जणांच्या अंगावर' हा वकिलांचा प्रश्नही पुरेसा नव्हता. आरोपी कुठल्या वस्तीत राहतो, काय काम करतो, हे आधी विचारायला हवं होतं. माझ्या मते आमच्या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा, आणि तो कुठल्याही यंत्रातून आलेला नाही.

यंत्राचं म्हणाल तर आमच्या यूव्ही-व्हिजिबलचा, म्हणजे द्रावणाचा रंग मोजणाऱ्या यंत्राचा, इथे उपयोगच झाला नाही. त्याला रंग सुटा करून द्रावणात आणावा लागतो. एका तंतूतला रंग पुरत नाही आणि तंतूही वाया जातो. तपासाच्या कामात नमुना शाबूत ठेवणारी पद्धत आधी वापरायची, हा पहिला नियम. एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखणारं यंत्र, सुती तंतूवर लावलं तर कापसाचं सेल्युलोजच ओरडून बोलतं, रंगाचा आवाज त्यात बुडतो. हवा होता मायक्रोस्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या एकाच तंतूचा रंगपट्टा मोजणारं यंत्र. तो बाहेरगावच्या एका संस्थेत मिळाला, त्यांच्या सवडीने. स्लाइडा डब्यात भरून विद्यार्थी एसटीने जायचा.

इथेच साहेबांची आणि माझी जुंपली. साहेबांचा विश्वास तुलनात्मक सूक्ष्मदर्शकावर. दोन तंतू शेजारी-शेजारी एका दृष्टिक्षेत्रात आणायचे आणि डोळ्यांनी ठरवायचं. मी म्हणत होते की डोळा फसतो: दोन वेगळ्या रंगांनी रंगवलेले निळे एका उजेडात हुबेहूब दिसतात आणि रंगपट्टा काढला की वेगळे पडतात. साहेब म्हणत होते की तुमचा रंगपट्टा एकाच टॉवेलच्या दोन तंतूंनाही वेगळं म्हणतोय, त्याचं काय? त्यांचंही खरं होतं. कापसाच्या बोंडातले सगळे तंतू सारखे पिकत नाहीत. कच्चा तंतू रंग कमी पितो. एकाच टॉवेलमध्ये गडद आणि फिके तंतू शेजारी नांदतात. मी म्हटलं, मग एका टॉवेलचे पुष्कळ तंतू मोजू, म्हणजे त्याची आतली तफावत कळेल. साहेब म्हणाले, "मोजा. पण केसमध्ये मला कधीकधी तीनच तंतू मिळतात. तीनवर काय सांगता येतं तेही मोजा."

तडजोड म्हणून विद्यार्थ्याने जोड्या तयार केल्या. काही एकाच टॉवेलच्या, काही एकाच रंगकामाच्या वेगवेगळ्या लॉटच्या, काही वेगळ्या ठिकाणच्या पण त्याच शेडच्या. कुठली जोडी कोणती हे फक्त त्याच्या वहीत. साहेबांनी डोळ्यांनी निवाडा दिला, मी रंगपट्ट्यावरून. 'हे वेगळे आहेत' असं साहेब म्हणाले तिथे ते बहुतेक वेळा बरोबर निघाले. त्यांचा हात चाळीस वर्षांचा आहे. 'हे सारखे' म्हणाले तिथे शेड तीच पण रंग वेगळा असलेल्या काही जोड्या निसटल्या, त्या रंगपट्ट्याने पकडल्या. आणि एकाच रंगकामाचे दोन लॉट? तिथे आम्ही दोघंही आडवे. वही उघडली तेव्हा साहेब जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या मुलांना हे करायला लावलं पाहिजे. आम्हाला बरोबर उत्तर कधी कळतच नाही. केस जाते, निकाल लागतो, पण तो तंतू खरंच त्याच टॉवेलचा होता का हे कोण सांगणार?" नोकरीत असताना हे बोलायला वेळ नसतो आणि निवृत्तीनंतर ऐकणारा नसतो, असंही म्हणाले.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. सामंजस्य करार झाला, सह्या झाल्या, फोटो निघाले. सही करणाऱ्या अधिकाऱ्यांची बदली झाली. नव्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे नेमकं काय आहे?" पुन्हा पहिल्यापासून. अशा कामात संस्थेशी करार केला तरी माणसं जपावी लागतात. आमच्या बाबतीत एका जुन्या हवालदारसाहेबांनी तो धागा तुटू दिला नाही.

खरा पेच वेगळाच होता. मागवाल्यांनी आणि रंगकामवाल्यांनी नमुने दिले ते नाव कुठे येणार नाही या शब्दावर. काहींचा स्वार्थही होता: पाणिपतच्या चादरी 'सोलापुरी' म्हणून विकल्या जातात ही इथली जुनी दुखरी नस. भौगोलिक मानांकन मिळूनही ते थांबत नाही, तर तुमच्या शास्त्राने ओळखून द्या, अशी त्यांची अपेक्षा. (एका तंतूच्या रंगावरून ते सांगता येणार नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगितलं.) इकडे पोलिसांना हवी होती यादी: कुठला रंग कुठल्या कारखान्यात. त्यांच्या बाजूने ते रास्त होतं, तपासाला दिशा मिळाली असती. पण आम्ही यादी दिली नाही. नमुन्यांवर फक्त क्रमांक आहेत, आणि क्रमांक कुणाचा हे सांगणारी वही कॉलेजच्या समितीकडे कुलपात आहे. यावरून दोन बैठका तापल्या. साहेब त्या वेळी माझ्या बाजूने बोलतील असं वाटलं नव्हतं, ते म्हणाले, "एकदा यादी दिली की पुढच्या अभ्यासाला कुणी दार उघडणार नाही." मुद्दा नैतिकतेचा होता, पण पटला तो व्यवहारामुळे.

पोलिसांना यादी मिळाली नाही, पण एक कागद मिळाला आणि तो त्यांना जास्त कामाला आला. त्याची सुरुवात सिव्हिलमधल्या न्यायवैद्यक विभागातल्या एका डॉक्टरांच्या बोलण्यातून झाली. ते म्हणाले, "तुम्ही तंतूंचं बोलताय, पण माझ्याकडे प्रेत येतं तेच चादरीत गुंडाळून." सोलापूर जिल्ह्यात कुठेही मृतदेह सापडला की पहिला माणूस काय करतो? घरातली चादर आणून टाकतो. त्या एका क्षणात मृताच्या कपड्यांवर हजारो नवे तंतू येतात आणि मूळचे त्यांत हरवतात. चादर टाकू नका असं सांगितल्यावर एक हवालदार थेट म्हणाले, "मॅडम, माणसाला उघडं ठेवायचं का? लोक शिव्या घालतील." बरोबरच आहे. मग आम्ही सूचना बदलली: शक्य तिथे आधी टेप, मग चादर. चादर आधीच पडली असेल तर ती फेकू नका, परत देऊ नका. वेगळ्या कागदी पिशवीत सील करून सोबत पाठवा, म्हणजे तिचे तंतू वजा करता येतील. त्याच कागदावर आणखी तीन-चार गोष्टी आहेत. कपडे झटकू नका. आरोपीचे आणि फिर्यादीचे कपडे एका टेबलावर, एका गाडीत, एका शिपायाच्या हातात नको. आणि मुद्देमाल टॉवेलमध्ये बांधून आणू नका, जे इथे सर्रास होतं.

१ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होणार आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. तेवढी माणसं तयार व्हायची आहेत. तोवर चादरीचा प्रश्न ठाण्याच्या शिपायालाच सोडवायचा आहे.

या अभ्यासाचा शोधनिबंध लिहायला घेतला तेव्हा शेवटची कुरबूर झाली. साहेबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की हे छापलंत तर आरोपींचे वकील त्याची प्रत घेऊनच कोर्टात येतील. मी म्हटलं, येऊ देत की. साहेबांनी दोन दिवस मागून घेतले आणि निष्कर्षाचं एक वाक्य स्वतः लिहून आणलं: यंत्रमागाच्या वस्तीत राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या व्यक्तीच्या कपड्यांवर सापडलेल्या नेहमीच्या शेडच्या सुती तंतूंना स्वतंत्र वजन देऊ नये. माझ्या मसुद्यात असे तंतू निरुपयोगी आहेत, असं सरसकट लिहिलेलं होतं. त्यांचं वाक्य जास्त अचूक आहे. बाहेरच्या वस्तीतल्या माणसाच्या अंगावर तेच तंतू सापडले तर त्यांना वजन देण्याचा रस्ता ते मोकळा ठेवतं.

आता पुढचं काम. तंतू किती वेळ टिकतात याचे जे अभ्यास मी वाचले ते बहुतेक थंड देशांतले, जाकिटं आणि लोकरी कपड्यांवरचे. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, शर्ट पाठीला चिकटतो, घाम वाळून मीठ उमटतं. अशा शर्टावर तंतू जास्त वेळ राहतो की घामाबरोबर निघून जातो? साहेबांचा अंदाज एक आहे, माझा उलटा, आणि विद्यार्थ्याने दोन्ही अंदाज तारीख घालून वहीत लिहून ठेवलेत. एप्रिलपासून सुरू करतोय. स्वयंसेवक हवेत: सकाळी आम्ही दिलेला शर्ट घालायचा, आपलं रोजचं काम करायचं, दुपारी बारा ते चार सावलीत बसून राहायचं नाही, आणि संध्याकाळपर्यंत टॉवेलने घाम पुसायचा नाही. शेवटची अट ऐकून आतापर्यंत बरेच जण परत फिरलेत.